पाणी ओता, झाकण ठेवा

डोंगरावरच्या त्या तंबूंच्या कॅम्पवर आचाऱ्याचं काम म्हणजे निव्वळ आराम, असं पाहुण्यांना वाटायचं. आणि खोटं कशाला बोला, दिसायचंही तसंच. चढून दमलेली वीस माणसं टेकली, की तो पाणी उकळायचा, पिशव्या फोडून पातेल्यात रिकाम्या करायचा, झाकण ठेवून पातेलं जुन्या ब्लँकेटात गुंडाळायचा आणि पाय पसरून बसायचा. पंधरा मिनिटांत जेवण तयार. पिशवीत शिजवून वाळवलेला भात, वाटाणे, गाजर, कांदा, मीठमसाला. "एवढं सोपं? मग आम्ही घरी कशाला मरतो?" असं एखादी बाई हटकून म्हणायची.

सोपं होतं, कारण त्यात चव बघावी लागत नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या तापात त्याची वासाची जाणीव गेली, पाठोपाठ चवीचीही. बायकोने ही गोष्ट चार भिंतींबाहेर जाऊ दिली नाही. तेव्हा कॅम्पवर रोज ताजं रांधलं जायचं; ती मदतनीस म्हणून यायला लागली. ती हुंगायची, चाखायची आणि मीठ टाक, नको टाकू, हे त्याला डोळ्यांनीच सांगायची. कौतुक मात्र सगळं याच्या पदरात. ती पातेली घासत गालातल्या गालात हसायची.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले. "माझ्यामागे तुमची नोकरी महिनाभर टिकायची नाही," असं म्हणत तिने पलंगावर बसूनच पिशव्या भरायला घेतल्या. प्रत्येक पिशवीतलं चिमूटभर तोंडात टाकायची, मगच मेणबत्तीच्या आचेवर पिशवीचं तोंड चिकटवून टाकायची. गिळवेनासं झालं, तेव्हा चाखून थुंकायची. अख्ख्या हंगामाच्या पिशव्या भरून झाल्या आणि आठवड्याने ती गेली.

अर्धा हंगाम बिनबोभाट पार पडला. एका दुपारी मात्र पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांचे चमचे जागच्या जागी थांबले. एक जण सरळ थुंकला. "अहो, रॉकेल! भाताला रॉकेलचा वास मारतोय!"

मॅनेजरने दुसरी पिशवी फोडून हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "काका, तुम्हाला कसा आला नाही वास?"

"बाकीच्या बघून येतो," असं पुटपुटत तो सामानाच्या तंबूत शिरला. पिशव्यांच्या खोक्यांना टेकून कंदिलांच्या रॉकेलचा कॅन उभा होता. बूड ओलं, खाली ओघळ; पातळ प्लॅस्टिकमधून वास आत मुरला असणार. परवा पाऊस आला म्हणून त्यानेच तो आत आणून ठेवला होता. ती असती तर तंबूच्या दारातूनच ओरडली असती. चूक कबूल करायची तर नाकाचंही सांगायला हवं, आणि असला आचारी कोण ठेवील? त्याने कॅन उचलून मागच्या झुडपात नेऊन ठेवला.

बाहेर येऊन तो म्हणाला, "बायकोने भरल्या होत्या. घरी स्टोव्हशेजारी बसून भरल्या असतील. शेवटी शेवटी तिला भान राहिलं नव्हतं."

हे बोलताना त्याची जीभ जराही अडखळली नाही, याचीच त्याला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

पाहुणे वरमले. चिडलेला माणूसही खाली बघायला लागला. मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या काका. आजारी बाईला काय दोष द्यायचा? सगळ्या पिशव्या पुरून टाका. उद्यापासून रोज ताजं रांधा."

उद्याचा विचार करायचीही त्याची हिंमत झाली नाही. तंबूमागे त्याने खड्डा खणला आणि एकेक खोकं रिकामं केलं. शेवटचं खोकं कॅनपासून लांब, पार कोपऱ्यात होतं. त्यातल्या पिशव्या कदाचित चांगल्या असतील. त्याने एक फोडली, आत नाक खुपसून खोल श्वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटून वाट पाहिली. काही कळलं नाही. मग त्याने त्याही खड्ड्यात टाकल्या आणि वरून माती लोटली.