तबकडीवरची कातडी

माणूस मुळात सांडत असतो. बसल्या जागी त्याचे केस गळतात, बोलताना थुंकी उडते, मान हलवली की कोंडा पडतो, आणि एवढं सगळं करून तो शेजारच्याला सांगतो की जरा स्वच्छता पाळत जा. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं ते जेवायच्या वेळेपुरतं विसरतात. फिनेलताईला विसरता येत नसे, आणि तिचा सगळा संसार या एका गोष्टीवर बेतलेला होता.

फिनेलताई हे नाव तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, हे सांगायला नको. ते कारखान्यातल्या लोकांनी ठेवलं, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. फिनेलचा वास तिला कुठल्याही अत्तरापेक्षा प्रामाणिक वाटे.

कारखाना गाण्यांच्या तबकड्या, म्हणजे सीडी, काढायचा. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबले की काचेसारखी पारदर्शक तबकडी बाहेर पडे. तिच्या एका अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या खड्ड्यांच्या रांगा असत, तेच गाणं. मग त्या अंगावर ॲल्युमिनिअमचा पातळ मुलामा चढवायचा, म्हणजे ती आरशासारखी चमकते आणि यंत्रातला प्रकाशाचा किरण तिच्यावरून परत फिरताना ते खड्डे वाचतो. साचा आणि मुलामा यांच्या मधल्या जागेत, काचेच्या भिंतींच्या खोलीत, फिनेलताई बसे. पारदर्शक तबकडी कडेने उचलायची, दिव्यासमोर धरायची, डाग दिसला तर फेकायची, नाही दिसला तर मुलाम्याच्या तबकात ठेवायची.

त्या खोलीत छतातून गाळलेली हवा उतरे आणि जमिनीच्या जाळीतून निघून जाई. आत जाणाऱ्याने पांढरा झगा, टोपी, मास्क आणि हातमोजे घालायचे. डोळे सोडले तर माणसाचं काहीच दिसत नसे. फिनेलताईच्या मते माणसांनी बाहेरही असंच हिंडायला हरकत नव्हती.

नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. लग्न ठरलं तेव्हा ती कारखान्यात लागलेली नव्हती, नाहीतर ठरलं नसतं. दिवसभर परक्यांच्या डोक्यांत बोटं घालून आलेल्या त्या माणसाला ती जिन्यातच कपडे बदलायला लावी. वरच्या मजल्यावरच्यांनी त्याला इतक्या वेळा बनियनवर पाहिलं होतं की पूर्ण पोशाखात भेटला तर ओळख पटायला वेळ लागे.

"माझा मुलगा चोरासारखा घरात शिरतो," सासूबाई म्हणत. "चोर तरी कपडे घालून येतात."

फिनेलताई तोवर हात धूत असे. कामावर जाण्याआधी, आल्यावर, दाराची कडी लावल्यावर. आणि नळ बंद केल्यावर पुन्हा, कारण नळाला धुण्याआधीचा हात लागलेला असतो. अंगाचा साबण वासासाठी आणि कपड्यांचा मळासाठी, असं तिचं मत असल्यामुळे ती कपड्यांचा वापरी. सोबत फरशी घासायचा ब्रश, कोपरापर्यंत.

तो काळ असा की कॉम्प्युटरची माहिती फ्लॉपीवर ठेवत आणि फ्लॉपीत काही मावत नसे. अशात मालकांनी बातमी आणली की गाण्याच्या याच तबकडीवर कॉम्प्युटरची माहिती भरता येते, पुस्तकांचं कपाटच्या कपाट. इस्पितळांसाठी औषधांचा एक कोश होता: कुठलं औषध, किती, कोणाला चालत नाही. त्याचे जाडजूड खंड तबकडीवर काढायचं काम मालकांनी मिळवलं होतं. हे सांगायला त्यांनी सगळ्यांना काचेबाहेर जमवलं. मालक गाडीच्या किल्लीने कान कोरत आणि जे निघालं ते नीट बघून मगच पुढचं वाक्य बोलत.

"हे गाणं नाही," ते म्हणाले, आणि किल्ली पाहिली. "हे भविष्य आहे."

भविष्य त्यांनी पँटला पुसलं.

पुढचं इंजिनिअरसाहेबांनी समजावलं. हा मऊ माणूस होता, रागावायच्या आधी माफी मागणारा. गाण्याच्या तबकडीत बारीक भोक राहिलं तर यंत्र मागचापुढचा सूर बघून मधली जागा अंदाजाने भरतं, कानाला पत्ता लागत नाही. "पण औषधाची मात्रा पाच की पन्नास, हे यंत्राने अंदाजाने ठरवायचं का?" ते म्हणाले. माहितीच्या तबकडीत चूक सावरायची जास्तीची तजवीज असते, पण तीही एका हद्दीपर्यंत. म्हणून चुका मोजणारं एक नवं यंत्र आलं होतं, आणि आता प्रत्येक खेप त्याच्यातून जाणार होती.

पहिली खेप नापास झाली. दुसरीही. मुलाम्याखाली काहीतरी अडकलेलं होतं; त्या जागी धातू धड चिकटला नव्हता आणि आकडे गायब होते.

"कोणाची तरी घाण आत जातेय," मालक म्हणाले. "शोधा. ज्याची असेल तो त्या खोलीच्या बाहेर. मग तो कोणी का असेना."

फिनेलताईचा जीव सुखावला. आजवर ती जे बोलत आली होती ते अखेर मालकांच्या तोंडून निघालं होतं. तोंड कसलं होतं ते सोडा. तिने लगेच साच्यावरच्या मिशीवाल्याकडे बोट दाखवलं.

"तुमची मिशी मास्कच्या बाहेर येते."

"कुठे येते, ताई?"

"दोन्हीकडून येते. आणि तीत दुपारचं जेवण असतं."

"ते आतल्या बाजूला असतं," मिशीवाला म्हणाला. पण त्याला दोन मुली होत्या आणि नोकरी हवी होती. संध्याकाळी तो मिशी काढून आला, तीही फिनेलताईच्याच नवऱ्याच्या दुकानातून.

"बराच वेळ आरशासमोर बसला होता," नवऱ्याने जिन्यातून, शर्ट काढता काढता सांगितलं. "म्हणाला, आता मी हुबेहूब माझ्या थोरल्या बहिणीसारखा दिसतो."

"त्याचे केस घरी आणले नाहीत ना?"

तिसरी खेप नापास झाली. मग तिने इंजिनिअरसाहेबांच्या कॉलरवरची पावडर धरली. साहेबांनी पावडर सोडली आणि खोलीबाहेर त्यांचा खरा वास सगळ्यांना कळला. चौथीही नापास झाली. तेव्हा साहेबांनी आत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाताजवळ एकेक काचपट्टी ठेवली, पाळी संपल्यावर उचलली आणि सूक्ष्मदर्शकाखाली घातली. मिशीवाल्याची जवळजवळ कोरी निघाली. त्यांनी फिनेलताईला बोलावलं.

ती एक डोळा मिटून वाकली. पट्टीवर पापुद्रेच पापुद्रे पडले होते, ओल आलेल्या भिंतीचे पोपडे सुटावेत तसे. काहींच्या कडेला पांढरट खपली होती.

"शी," ती म्हणाली. "कोणाचं हो हे? कातडीच आहे ना? आणि वर साबण वाळलाय. याला अंगावरचा साबणसुद्धा धड धुता येत नाही. साहेब, असल्या माणसाला आत घेतलंच कसं?"

साहेब सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू उगाच फिरवत राहिले. "ताई," ते म्हणाले, "ही तुमच्या टेबलावरची पट्टी."

तिने पुन्हा वाकून पाहिलं. या खेपेला बराच वेळ. मग ती उठली आणि हात धुवायला गेली.

साहेब मागोमाग बेसिनपाशी गेले. "धुऊ नका," ते म्हणाले. "धुण्यानेच होतंय ते. घासून घासून कातडी सुटलीय तुमची. हातमोजा आणि बाही यांच्या मधून गळतेय." तिने नळ आणखी सोडला.

म्हणजे इतकी वर्षं ती तबकडी उचलत होती, दिव्यासमोर धरत होती, निर्मळ आहे म्हणून तबकात ठेवत होती, आणि ठेवता ठेवता मनगटाचा एखादा पापुद्रा तिच्यावर सोडत होती. त्यावर ॲल्युमिनिअमचा मुलामा, वर लाखेचा थर, वर छापील चित्र. घरोघरी लोक डोळे मिटून गाणी ऐकत होते आणि जिथे जिथे फिनेलताई आडवी येई तिथे यंत्र बिचारं अंदाजाने सूर भरत होतं. कोणाची तक्रार आली नाही. रसिकांना काय चारलं जातं याची चौकशी रसिक सहसा करत नाहीत.

मालकांना तिला घरी पाठवायचं होतं. साहेबांनी गळ घालून एका महिन्याची मुदत मिळवली. तोवर तिने बांधणीच्या खोलीत, तयार तबकड्या वेष्टणात घालत बसायचं. महिन्याने काचपट्टी कोरी निघाली तर काचेच्या खोलीतली जागा तिची, नाही निघाली तर जन्मभर बांधणी. पगार दोन्हीकडे सारखाच होता. पण हा श्वास आधी कोणाच्या छातीतून फिरून आलाय, असा विचार न करता श्वास घेता येईल अशी तिला जगात एकच खोली माहीत होती.

बांधणीच्या खोलीत पुठ्ठा होता, डिंक होता आणि वेष्टणं सुटी करायला बोटाला थुंकी लावणारी एक मुकादमीण होती. ती प्रत्येक वेष्टणाला बोट चाटे. फिनेलताई ती वेष्टणं कोपऱ्याला धरून घेई, मेलेल्या उंदराला शेपटीने धरावं तशी.

कातडीच्या डॉक्टरने तिचे हात दुरूनच पाहिले.

"दिवसातून किती वेळा धुता?"

"घाण असेल तेव्हा."

"घाण कधी असते?"

"कधी नसते?"

डॉक्टरने साबण बंद केला, ब्रश बंद केला. नुसतं पाणी, तेही थोडं, आणि त्यावर लगेच मलम. "एकदा जरी साबण लावलात," तो म्हणाला, "तरी पहिल्यापासून सुरुवात." मलम पिवळट होतं, बोटाला चिकटलं की सोडत नसे, आणि त्याला मेंढीचा वास येई.

स्वतःच्या हाताने ते चोळणं तिला जमेना. एक हात माखला की दुसऱ्याला लावायला कोणी उरत नसे. नवऱ्याने हात पुढे केला तेव्हा तिने त्या हाताकडे असं पाहिलं की त्याने तो खिशात घातला. शेवटी सासूबाईंनी ते काम अंगावर घेतलं. इतक्या वर्षांत सुनेने त्यांना पहिल्यांदाच हात लावू दिला होता आणि त्यांनी ती संधी वाया घालवली नाही. मलम चोळता चोळता त्या तिला ती घरात आल्यापासूनच्या एकेक गोष्टी ऐकवत. दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे कान झाकायची सोय नव्हती.

"मी आजारी होते तेव्हा तू माझं ताट चिमट्याने उचललंस."

"तुम्हाला खोकला होता, आई."

"मला न्यूमोनिया होता. चिमटा बघून मी बरी झाले."

महिना असा गेला. साबणाशिवायचे हात तिला उसने आणल्यासारखे वाटत. ती ते अंगापासून दूर धरून चाले आणि झोपताना उशीच्या पलीकडे ठेवी. पण मनगटांवरची लाली उतरली, भेगा मिटल्या. बायकांच्या हातांना असते तशी साधी कातडी आली. तिने ती बघितली आणि तिला ती कळकट वाटली.

चाचणीच्या दिवशी मलम चालणार नव्हतं, मोजा आणि बाही यांच्या मधून त्याचा तूपकट अंश तबकडीला लागला असता. आणि मलमाशिवाय पाणी लागलं तर नवी कातडी तडकणार होती. म्हणून साहेबांनी बजावलं होतं की सकाळी कोरड्या हाताने यायचं आणि पाळी संपेपर्यंत नळाकडे बघायचंही नाही. ती तशी आली. झगे घालायच्या खोलीच्या दारात मालक उभे होते. त्यांना सर्दी झाली होती. तिला पाहून त्यांनी नाकाखालून तळहात आडवा फिरवला आणि तोच हात पुढे केला. तिने आपला उजवा हात मागे घ्यायच्या आत त्यांनी तो दोन्ही हातांत धरला होता.

"बाई, मनात काही ठेवू नका," मालक म्हणाले. "सगळं तुमच्याच भल्यासाठी केलं." भलं सांगून होईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. मग ते शिंकले, आणि तेव्हाही सोडला नाही.

ते गेले. फिनेलताई हात तसाच पुढे धरून उभी राहिली. तो ओला होता. बेसिन डाव्या हाताला होतं, त्यावर साबण होता, आणि काचेच्या खोलीचं दार समोर होतं. आतून मिशीवाला, आता बिनमिशीचा, बघत होता. इंजिनिअरसाहेबही बघत होते आणि त्यांनी दयाबुद्धीने तोंड फिरवलं.

ती बेसिनपर्यंत गेली. साबणाला हात लावला नाही, नळालाही नाही. काठापाशी उभी राहून हात हवेत वाळू दिला. तो वाळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिच्या घशाशी दोनदा आलं आणि दोन्ही वेळा तिने ते गिळलं, कारण ओकारी पुसायलाही हात लागले असते. मग तिने त्या हातावर मोजा चढवला आणि आत गेली. पाळीभर मोज्यात मालक तिच्यासोबत होते. ती तबकडी उचलत होती, दिव्यासमोर धरत होती, तबकात ठेवत होती.

दुपारी साहेबांनी काचपट्टी पाहिली. "दोनचार ठिपके आहेत," ते म्हणाले. "ते कोणाचेही असू शकतात."

हे तिला फारसं आवडलं नाही. पण खेप चुका मोजणाऱ्या यंत्रातून पास होऊन बाहेर आली आणि जागा तिची झाली. मालकांनी औषधांच्या कोशाची पहिली तबकडी तिच्या मधोमध अंगठा ठेवून उचलली आणि म्हणाले, "आमच्या हाताला गुणच आहे तसा. सकाळी बाईंना उगाच नाही भेटलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिनेलताई काचेच्या आत होती. तिथे टाळ्या ऐकू येत नाहीत.

घरी आल्यावर तिने हात नुसत्या पाण्याखाली धरला. नुसतं पाणी म्हणजे तिच्या मते घाणीला पूर्वसूचना देणं. मग सासूबाईंपुढे मनगटं केली. त्यांनी मलम चोळलं.

"जागा मिळाली ना?"

"मिळाली."

"मग उद्या पुन्हा असंच? साबण नाही, काही नाही?"

"रोज," फिनेलताई म्हणाली.

सासूबाईंनी ताटं मांडली. नवरा जिन्यात कपडे बदलून आला, उघड्या दंडांवर कोणाकोणाचे केस घेऊन, आणि शेजारी बसला. तिने त्याला उठवलं नाही. उजवा हात तिने मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हातात चमचा घेऊन ती जेवायला लागली.