आण्णाचा चौक

आण्णा गेला आणि आमच्या घरातला चौक संपला.

आज वर्ष झालं.

आण्णा माझा थोरला भाऊ. शिराळ्याजवळच्या आमच्या गावचा गोंधळी.

लग्नानंतर घरोघरी गोंधळ असतो. तेव्हा देवीसाठी तांदूळ, हळद, कुंकवाचा चौक भरायचा. चिमटीनं, सावकाश. आरती झाली की देवीला निरोप म्हणून स्वतःच्या हातानं मोडायचा.

भावकीतली पोरं शिकेनात. कुणी पुण्यात कंपनीत, कुणी मिलिटरीत. म्हणून आण्णानं प्लायवूडवर डिंक लावून चौक चिकटवायला घेतला. टिकावा म्हणून.

आमचे वडील, आबा, लय चिडले.

"आय आली, जेवली. आता तिला जाऊ दे की रं! डांबून ठिवतोस व्हय?"

"आबा, माझ्यामागं डोळ्याला दिसायला तरी कायतरी ऱ्हाऊ द्या."

शेवटी त्यानंच वाट काढली. फ्रेममधल्या चौकात मधलं, देवीच्या बसण्याचं चित्र त्यानं कधीच भरलं नाही.

"त्येवढं इकायचं न्हाई," म्हणायचा.

महाबळेश्वरच्या एका हॉटेलनं फ्रेम घेतल्या. लॉबीत लावल्या. आण्णा भेटेल त्याला मोबाईलवर फोटो दाखवायचा.

पावसाळ्यात ओल शिरली. बुरशी आली, तांदळाला किडे पडले. हॉटेलचा फोन आला, घेऊन जा.

एसटीनं घेऊन आला. मला फोनवर एवढंच म्हणाला,

"सुमे, समदं कुजलं गं."

पुढं पॅरालिसिस. उजवा हात गेला. वाचाही.

मग त्याची मुलगी पल्लवी ताटात तांदूळ घेऊन समोर बसायची. "पप्पा, दाखवा." तो डाव्या हातानं काहीतरी ओढायचा. तिला उमगायचं नाही. तो ताट लोटून द्यायचा.

दोघंही रडायची.

तसाच गेला. पाठोपाठ आबाही.

गेल्या महिन्यात पल्लवीचं लग्न झालं. गोंधळाला बाहेरगावची पार्टी आली. त्यांनी फ्लेक्स अंथरला. छापलेला चौक.

आण्णाच्याच फ्रेमचा फोटो. नेटवरून घेतलेला.

मधे मोकळा.

पल्लवी माझ्या कानाशी आली. "आत्ती, मधी काय असतंय गं?"

जन्मभर बघितलंय मी. एक रेघ आठवली नाही.

विचारायला आता कुणीच नाही.

गोंधळ झाला. पार्टीवाल्यानं फ्लेक्सची गुंडाळी केली आणि गाडीत टाकली. दुसऱ्या गावची सुपारी होती.

आण्णा, पोरगी सासरी नीट पोचली.

एवढंच सांगायचं होतं. हात जोडते.