शाळेच्या फाटकात

नव्या पेठेत साडी बघताना शेजारी अत्तराचा भपकारा आला आणि मला आमच्या शाळेतल्या शिक्षिका शोभाबाईंचा नवरा आठवला.

काही वर्षांपूर्वी एका रात्री शोभाबाईंचा उजवा हात त्यानं पिरगाळून मोडला होता. दुसऱ्या दिवशी असाच घमघमत तो त्यांना न्यायला शाळेत आला.

"घरातला मामला हाय, पाठवा की," तो हसत म्हणाला. मुख्याध्यापकांनी मान डोलावली.

आम्ही सगळ्या शिक्षिका वर्ग सोडून फाटकात आडव्या उभ्या राहिलो. "त्या येणार नाहीत," मी म्हणाले.

बायकोवर हात टाकणारा तो बहाद्दर चक्क मुख्याध्यापकांच्या मागं सरकला. "सर, सांगा की यांना," म्हणून कुरकुरू लागला. मुख्याध्यापक बुटांकडे बघत राहिले.

असल्या माणसांना आम्ही वर्षानुवर्षं भ्यायलो, याची आज किळस येते.

त्याच दुपारी शोभाबाई आमच्याबरोबर चौकीत गेल्या आणि डाव्या हातानं तक्रारीवर सही केली.