सासऱ्यांच्या गाडीतला पिवळा दिवा

माझा साडू सौमित्र याचं काहीही चांगलं झालेलं मला बघवत नाही. तसं त्याच्यात वाईट काहीच नाही, आणि तेच मला खुपतं. रायपूरच्या उरला औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात मशिनी सांभाळतो, हसून बोलतो, कितीही वाढा, नाही म्हणत नाही. सासूबाई त्याच्या ताटाभोवती घुटमळतात. थोरला जावई मी, पण माझ्या ताटातलं वरण संपलेलं कुणाला दिसत नाही.

रविवार मात्र माझा होता. आमचे सासरे यशवंतराव बँकेतून निवृत्त झालेले, चौबे कॉलोनीत राहतात. त्यांच्या गाडीत चाकातली हवा कमी झाली की समोर पिवळा दिवा लागतो. चाकांच्या आतले सेन्सर निकामी झाले आणि तो कायमचाच लागून राहिला. हवा बरोबर असो वा नसो, दिवा आपला चालू. सासऱ्यांना खात्री केल्याशिवाय चैन पडत नसे. दर रविवारी सकाळी फोन यायचा, "जवाईबापू, दिवा लागून राहिला ना. हवा पाहून द्या जरा."

मी जायचो, मीटर लावून चारही चाकं बघायचो, आणि मग आम्ही नवा रायपूरच्या मोकळ्या रस्त्यांवर निघायचो. ते चालवायचे, मी शेजारी. घरात न बोललेलं ते तिथे बोलायचे. माझे वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हा एवढं तरी माझं एकट्याचं असावं, असं मला वाटायचं.

अधिक महिन्यात सासऱ्यांनी दोघा जावयांना जेवायला बोलावलं. अनारसे झाले, आहेर झाला, आणि सासरे गाडी सुरू करून सावलीत लावत होते तेव्हा हात पुसता पुसता सौमित्रला तो दिवा दिसला.

"बाबा, हे काहून असंच ठेवलं? सेन्सर बदलना पड़ेगा, बस. घरीच करून टाकू."

आणि पुढच्याच रविवारी तो नवे सेन्सर घेऊन हजर. माझ्या रविवारी! जॅक लावून त्यानं चाक काढलं, हवा सोडली, टायरवर फळी ठेवून तिच्यावर स्वतःच्या गाडीचं चाक चढवलं, तसा टायर रिंगपासून सुटला. आतला सेन्सर काढून नवा लावला, कडेला साबणाचं पाणी फासून पंपानं हवा भरली. असं एकेक करत चारही. मी नट सांभाळत होतो. टायर बसूच नये, निदान एखादा नट तरी हरवावा, असं मनापासून वाटत होतं. पण सगळं जागच्या जागी बसलं.

"भैया, अब थोड़ा चलाना पड़ेगा, तब गाड़ी नए सेन्सर को पहचानेगी."

सौमित्र चालवायला, सासरे त्याच्या शेजारी, मी मागे. नवा रायपूरच्या रस्त्याला लागलो आणि दिवा विझला. "वा रे पठ्ठ्या!" म्हणत सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पोटात असं दुखलं म्हणता! घरी आल्यावर बायको पूर्णिमा म्हणाली, "तोंड काहून उतरलं तुमचं?" आता हवा बघायला मला कोण बोलावणार, हे तिला काय सांगू?

पुढच्या रविवारी मी पेपर तोंडापुढे धरून बसलो. आणि फोन वाजला.

"जवाईबापू, दिवा लागला."

मी शर्टाची बटणं लावतच निघालो. फसलं! सौमित्रचं काम फसलं! रस्ताभर मला हसू आवरेना.

पण मीटर लावलं तर पुढचं डावं चाक खरंच नरम. खिळा नाही, काच नाही. फक्त हवा भरायच्या नळीचं टोपण जागेवर नव्हतं. मी खाली वाकून ते शोधू लागलो. सासऱ्यांच्या पायजम्याच्या गुडघ्याला माती होती, अंगठा काळा झाला होता. त्यांनी खिशात हात घातला आणि टोपण माझ्या हातावर ठेवलं.

"सेन्सर बढिया आहेत," दुसरीकडे बघत ते म्हणाले. "हवा सोडली, तर लगेच दिवा लागला."

मी हवा भरली. ते चालवायला बसले, मी शेजारी. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "सौमित्रले सांगू नका. पोट्ट्यानं मेहनत केली. वाईट वाटंल त्याले."

"हव," मी मान डोलावली. आयुष्यात एकदाच सौमित्रच्या पुढे गेलो, आणि तेही त्याला सांगायची चोरी.