कुछ-नै काकू आणि काळा रंग

आमच्या काकूचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत कायम कशानं ना कशानं माखलेला असायचा. सुलतान बाजारातून नवं कुंकू आणलं, लाव हातावर. साबणाची वडी, केसांचं तेल, शेजारणीनं दिलेलं खरजेचं मलम, सगळं आधी त्या हातावर. मग एक दिवस वाट बघायची आणि पदर खोचून जाहीर करायचं, "कुछ नै होता! वापरा खुशाल." परभणीकडून लग्न होऊन हैदराबादेत आलेली ही बाई मराठीतच बोलायची, पण ठासून सांगायचं झालं की दखनीत शिरायची. गल्लीतल्या सगळ्या बायका तिला 'कुछ-नै काकू' म्हणायच्या. तिला ते आवडायचंसुद्धा.

हा हात फक्त साबणापुरता नव्हता, हीच तर अडचण होती. थंडीत विहिरीच्या गार पाण्यानं अंघोळ? "मी करते की, मला काय झालं?" सासूचा जाच? "मी सोसला, मला काय झालं?" आईवडील तापानं गेल्यावर मला काका-काकूंनी वाढवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. माया उदंड होती, पण मी कुठं दुखतंय म्हटलं की काकू आधी स्वतःचं तेच ठिकाण दाबून बघायची आणि तिथं दुखत नसेल तर माझंही दुखणं खोटं ठरायचं. मी आधीच तापट. पाय आपटायची, जेवायची नाही. ती हसून म्हणायची, "आपट. फरशी पक्की आहे."

देश स्वतंत्र झाला आणि आमची निजामाची रियासत तेवढी बाहेर राहिली, तेव्हाची ही गोष्ट. बाहेरून माल यायचा थांबला होता. रझाकारांच्या नावानं संध्याकाळी दारं लागायची. ज्याचं कोणी सोलापूरला असेल तो तिकडं निघत होता. माझा मामा सोलापूरला होता आणि मी लग्नाच्या वयाची झाले होते, तेव्हा मला तिकडं पोचवायचं ठरलं. प्रवासात कोणाची नजर नको म्हणून बुरखा घालून न्यायचं. समोरच्या खतीजाबी म्हणाल्या, "मेरा लेके जाओ ना बाई, नया शिवने को कायकू बैठते?" पण काकूला कोणाचं मागून आणलेलं चालेल तर ती काकू कसली! "नक्को बेगम, हम सी लेते." तिनं मांजरपाट आणलं. दुकानात ओळखीचा रंग संपलेला, म्हणून कुठल्याशा काळ्या रंगाची बिननावाची पुडी आणली. आधी चिमूटभर रंग हातावर लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी हात स्वच्छ. मग अंगणात हंडा चढला, कापड उकळलं, वाळलं, शिवून झालं. मी ते डोक्यावरून घेतल्यावर काकू म्हणाली, "कोणी ओळखायचं नाही माझ्या बाईला," आणि डोळे पुसले.

नामपल्लीच्या स्टेशनावर काका मला घेऊन बसले. उकाडा असा की बुरख्याच्या आत अंगावरून पाणी वाहत होतं. गाडी नाहीच आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेच. चार-पाच खेपा झाल्या आणि मग गाड्याच बंद पडल्याचं कळलं. तोवर माझी मान खाजायला लागली होती. मग कपाळ, मग दंड. डोळे सुजून फटी राहिल्या, कानाच्या पाळ्या जाड झाल्या, हातांवर फोड येऊन पाणी सुटलं, आणि जिथं सुकलं तिथं काळे चट्टे पडले.

काका कोर्टात पेशकार, न्यायाधीशापुढं कागद मांडणारे. शब्द तोलून बोलायची त्यांना सवय. त्यांनी माझ्या कानांकडे बराच वेळ बघितलं आणि काकूला माजघरात बोलावून हळूच म्हणाले, "हा महारोग वाटतो." हळूच म्हणाले खरं, पण आमच्या घराच्या भिंती काय, मला सगळं ऐकू आलं. त्या दिवसापासून मी मागच्या खोलीत. ताट वेगळं, तांब्या वेगळा, दाराला बाहेरून कडी. आणि गाड्या सुरू झाल्या की महारोग्यांच्या दवाखान्यात नेऊन सोडायचं. तिथं गेलेलं माणूस परत आल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"काकू, ते बुरख्याचं कापड लागल्यापासून होतंय," मी दाराआडून ओरडले. तिनं ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. तिनं बुरख्याचा आतल्या शिवणीचा तुकडा कापला, ओला केला, स्वतःच्या दंडाला घट्ट बांधला आणि दोन दिवस सोडला नाही. तिसऱ्या दिवशी दार किलकिलं करून तिनं मला दंड दाखवला. गोरापान, लख्ख. "बघ. डागसुद्धा नाही. रंगाचा दोष नाही, पोरी." कापडाचा दोष निघावा म्हणून तिनं देवापाशी साकडं घातलं होतं, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की तिनं कडी पुन्हा लावली.

त्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीपुढं शेजारच्या घराची भिंत. बाहेर शहरात संचारबंदी, गल्लीत पहारा, आणि आत मी. मी दार बडवायची, शिव्या द्यायची, "जाळून टाका मला एकदाचं" म्हणायची. काकू दाराला पाठ लावून बाहेर बसलेली असायची. तिथूनच बोलत राहायची, आज वांगी मिळाली, आज रॉकेल नाही, खतीजाबींच्या शेळीला करडू झालं. मी उत्तर दिलं नाही तरी बोलायची. मला तिचा संताप यायचा आणि ती उठून गेली की जीव घाबरा व्हायचा. दोन्ही एकदमच.

मग भारताची फौज आली. रस्त्यावर जयजयकार चाललेला मला भिंतीआडून ऐकू येत होता. आमच्या गल्लीत काही दारं उघडली, काही भीतीनं बंद झाली. खतीजाबींचं बंद झालं, तेव्हा काकू पिठाचा डबा घेऊन त्यांच्या मागच्या दारानं गेली. तोवर माझे फोड वाळले होते, सूज उतरली होती, चट्टे तेवढे राहिले होते. मला वाटलं, सुटले. पण काका म्हणाले, "हा रोग दबा धरून बसतो. गाड्या चालू झाल्यात. उद्या टांगा सांगतो." आणि लोकांना चट्टे दिसू नयेत म्हणून पुन्हा तोच बुरखा पेटीतून बाहेर काढला.

सकाळपासून तो घालून मी टांग्याची वाट बघत बसले. टांगा आला दुसऱ्या दिवशी. पण तोवर माझी मान पेटली होती. बुरख्याची पट्टी जिथं कपाळाला घासत होती तिथं लाल रेघ, आणि मनगटांवर फोड. काकू गाठोडं घेऊन आली आणि बघतच राहिली. तिनं कात्री घेतली, बुरख्याचा तुकडा कापला आणि पुन्हा आपली बाही वर करायला लागली.

माझं डोकंच फिरलं. "तुझ्या हाताला काय बांधतेस? तुला होतंय का? मला होतंय! माझ्या हाताला बांध ना!"

काकूची बाही अर्ध्यावर राहिली. टांगेवाला बाहेरून हाका मारत होता. ती उठली, दारात गेली आणि त्याला म्हणाली, "जाओ भई, आज नै."

कापड माझ्याच दंडाला बांधायचं ठरलं, तरी काकांनी आपला पेशकारी बाणा सोडला नाही. "अगं, फोड नुसत्या घट्ट गाठीनंही उठेल. कापडानंही उठेल. पुरावा कसला हा?" बरं झालं बोलले. काकूकडे न रंगवलेल्या मांजरपाटाचा तुकडा उरला होता. तिनं तो माझ्या एका दंडाला बांधला, काळा दुसऱ्याला, गाठी सारख्याच. एक काळा स्वतःलाही बांधला, सवय ती सवय. त्या दोन दिवसांत घरात कोणी धड जेवलं नाही. मी रात्रंदिवस मनात म्हणत होते, उठू दे फोड, चांगले टरारून उठू दे. स्वतःच्या अंगावर फोड मागणारी मुलगी जगात दुसरी नसेल.

सोडताना काका चष्मा लावून उभे होते. पांढऱ्या तुकड्याखाली काही नाही. काकूच्या हाताला काही नाही. माझ्या काळ्या तुकड्याखाली चौकोनी, लालभडक, पाण्यानं भरलेली सूज. मी नाचलेच! काका खाली बसले. काकू मात्र आपल्या त्या स्वच्छ हाताकडे बघत राहिली. "इतकी वर्षं मी ह्यालाच विचारत बसले," ती म्हणाली. "पोरीला विचारलंच नाही."

पुढं आबिड्स भागातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, रंग दहा जणांना सोसतो आणि अकराव्याला नाही, आणि हा महारोग नव्हे. काका मान खाली घालून परत आले. पण गल्लीला कोण सांगणार? मागच्या खोलीची कुणकुण सगळ्यांना लागली होती. नवरात्र आलं. काकूनं हळदीकुंकवाला बोलावलं. बायका आल्या आणि मला ओसरीवर बघून उंबऱ्यातच थांबल्या.

काकू पुढं झाली. जिच्या शब्दावर अख्खी गल्ली साबण घ्यायची, ती बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरीला रोग नाही. मी रंगवलेल्या कापडानं झालं. मी चुकले, आणि वर तिला कोंडलं." कोणी हललं नाही. तेव्हा ती माझ्यासमोर पाटावर बसली. "सुमे, करंडा घे. पहिलं मला लाव."

"काकू, माझ्या हाताची सालं निघतायत अजून."

"म्हणूनच म्हणते. लाव."

मी लावलं. चिमूट जास्तच भरली आणि कुंकू तिच्या नाकावर सांडलं. तिनं पुसलं नाही. तेवढ्यात किती दिवसांनी घराबाहेर पडलेल्या खतीजाबी बायकांच्या मागून वाट काढत आल्या, माझ्याशेजारी बसल्या, माझा तो खरबरीत हात आपल्या मांडीवर घेऊन म्हणाल्या, "अरे, आओ ना सब. बच्ची बैठी है कब की." मग एक आली, मग दुसरी.

त्या वर्षी मी सोलापूरला गेले, तिथंच माझं लग्न झालं. काकू पुढं बरीच वर्षं जगली आणि काकांच्या आधी गेली. मी पोचले तेव्हा बायका तिचा मळवट भरायला जमल्या होत्या. त्या नवरात्रात उंबऱ्यात थांबलेल्यांपैकी एका म्हातारीनं मला बघितलं, करंडा माझ्या हातात दिला आणि बाकीच्यांना बाजूला सरकायला सांगितलं.