बाबांच्या बुडालेल्या नावेत

वहिनीचा फोन आला तेव्हा मी वरठीच्या घरी तांदूळ निवडत होते. "तुमचे दादा उठूनच नाही राहिले बाई," एवढंच ती म्हणाली. झोपेतच हृदय थांबलं होतं. महिना उलटला, तरी मोरूदादा आठवला की मला धरणाचं ते गढूळ, हिरवं पाणीच दिसतं...

वैनगंगेवर पूल नव्हता तेव्हा आमचे बाबा लोखंडी नाव चालवायचे. पूल झाला, नाव काठाला पडून राहिली आणि धरणाचं पाणी चढलं तशी बुडाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिचं छत वरून अंधूक दिसे. काही वर्षांपूर्वी दादाने मालवणहून पाण्यात बघायचे दोन चष्मे आणि श्वासाच्या नळ्या आणल्या. "चाल, बाबांची नाव पाहून येऊ," म्हणाला. नदीकाठची पोरं आम्ही, पोहणं अंगातलं. मी गेले.

तरंगत पाहत होतो तोवर छान होतं. शेवाळलेला कठडा, त्यातून सरकणारे मासे. मग दम भरून दादा खाली केबिनमध्ये शिरला, मागोमाग मी. माझा पाय तळाला लागला आणि गाळ उसळला. काही दिसेना. दार कुठे, वर कुठे, कळेना. जिकडे हात घालावा तिकडे पत्रा. छातीत आग पेटली. तोंड उघडायची अनावर इच्छा होत होती, आणि उघडलं की संपलं, हेही कळत होतं... तेवढ्यात कुणीतरी माझी वेणी धरून ओढली.

काठावर येऊन मी ओकले. दादाचे खांदे पत्र्याने सोलले होते. तो सुखरूप बाहेर पडला होता. मी दिसेना म्हणून पुन्हा आत आला होता.

"काहून आला परत? दोघंही मेलो असतो."

चष्मा काढत दादा म्हणाला, "तुझी वेणी सापडली, पण दारच सापडेना शोभे. तुले सोडून द्यावं, असं आलं मनात... एकदा आलं."

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तो पाण्यातही पुन्हा उतरला नाही.

परवा वहिनीकडे गेले. दादाच्या खोलीत कपडे बदलायला दार लावू लागले, तर आतून कडीच नव्हती. "घरातल्या साऱ्या कड्या काढून टाकल्या होत्या त्यांनी," वहिनी म्हणाली, "कायले, ते मले कधी सांगितलं नाही."

दार मिटू नये म्हणून त्याने उंबऱ्याशी एक वीट लावून ठेवली होती. ती मी हलवली नाही.