पिल्लं पाण्यातच सोडली

आज क्रांती चौकात सिग्नलला शेजारच्या गाडीवरून ओल्या जाळ्याचा वास आला अन् डायरेक्ट दुष्काळातलं धरणच आठवलं! पाणी पार आटलेलं, आईच्या जाळ्यात मोठे मासे कमी अन् बोटाएवढी पिल्लंच लई. ती जिवंत पिल्लं तिनं पाण्याच्या घमेल्यात घेतली, तसा धरणातल्या मासेमारीचा ठेकेदार, ज्याचं जाळं आई वापरायची, काठावरून ओरडला, "ए बाई, सोडू नको, तीबी विकायचीत! सोडली तर उद्यापासून माझं जाळं मिळणार नाय!" आई म्हणली, "घेऊन जा शेठ तुमचं जाळं. ही मेली तर पुढच्या साली काय चिखल धरू?" अन् घमेलं माझ्याकडं दिलं. मी ठेकेदाराकडं बघत बघत सगळं धरणात ओतलं! जाळं गेलंच. आईनं शहरात नव्या बिल्डिंगवर विटा वाहिल्या, पण जाळं मागायला गेली नाय. आज तिच्या जागी मी असते ना, मीबी गेले नसते!